काचेच्या कपाटातली लाकडी उशी

मी, लोपेयोक एवोई, राहणार लोरुगुम, तुर्काना, व्यवसाय उंट व शेळ्या राखणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत करत आहे. थोरला मुलगा आपुआ "बाबांना भ्रम झालाय" असे सांगत फिरतो. लोडवार शहरात सरकारी खुर्ची मिळाल्यापासून त्याला सगळेच भ्रमिष्ट दिसतात; सबब ते ग्राह्य धरू नये.

उंट व शेळ्या धाकट्या एकादेलीला. तो आळशी आहे, पण जनावरे त्याला सांभाळून घेतात.

आता मुख्य मुद्दा. माझी लाकडी उशी मी तरुणपणी स्वतः कोरली. निजताना मान तिच्यावर, एरवी बूड तिच्यावर. ती आपुआने मला न विचारता नेली आणि लोडवारच्या घरी दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ठेवली. म्हणे, "आपली संस्कृती जपायला नको का, बाबा?" बदल्यात फुलाफुलांची फोमची उशी दिली. तिच्यावर मला अशी गाढ झोप लागली, की तरसाने बोकड नेला तरी पत्ता नाही. गावच्या सभेत सगळे पुरुष आपापल्या उशीवर आणि मी पोरांसारखा मातीत. "लोपेयोक, बायकांत जाऊन बस की!" माझ्याच वयाचा लोमुरिया म्हणाला. फार लागले मला ते. तेव्हापासून मी सभेला गेलो नाही.

शेवटी माझी पत्नी नाक्वावी लोडवारला गेली. सून म्हणाली, "आई, ती बघायची वस्तू आहे, हात नका लावू."

"मग सासऱ्यालाही ठेव त्या कपाटात, रोज पुसत जा!" असे म्हणून हिने काच सरकवली आणि पुरुषाची उशी काखोटीला मारून भर बाजारातून निघाली.

आमच्यात पुरुष जिता असेतो त्याची उशी त्याच्याजवळच असते, म्हणून बायकांनी विचारले, "नवरा गेला का गं?"

"गेला नाही. बसायला जागा नाही म्हणून उभा आहे."

सबब, फोमची उशी आपुआला; कपाटात शोभेल. शिवाय एक ओंडका आणि लाकूड तासायचा माझा वाकस. सभेत बसायचे असल्यास स्वतःची उशी त्याने स्वतः कोरावी.

माझी उशी नाक्वावीला. बाईने तिच्यावर बसू नये अशी आमच्यात रीत आहे. ज्या म्हाताऱ्यांना बघवणार नाही, त्यांनी पाठ फिरवून बसावे.

साक्षीदार १: लोमुरिया एसेकॉन, अंगठा. ("बाईला उशी? मग उद्या आम्ही कुठे बसायचं?" ही हरकत नोंदवून अंगठा घेतला.)
साक्षीदार २: एकिदोर लोसिके, सही.

लोरुगुम, ता. ९ ऑगस्ट २०१४.
(लोपेयोक एवोई)

ता. क. वाचून दाखवल्यावर नाक्वावी म्हणाली, "अहो, मला काही घाई नाही. उद्या सभा आहे, तुम्ही जाऊन बसा."