मामांच्या लांब गाडीला गिऱ्हाईक का मिळत नाही

आदरणीय मामा,

तुम्हा दोघांना भाच्याचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखरच वाकून. कंबर का धरली, ते पुढे येईल.) तुमची मान आता कितपत वळते? मामींचे गुडघे काय म्हणतात? आम्ही दोघं ठीक आहोत.

मान वळत नाही म्हणून तुम्ही गाडी विकायला माझ्याकडे पाठवलीत, त्याला सात आठवडे झाले. ‘भाचेबुवा, झोपलात काय?’ असं तुमचं कार्ड परवा आलं, म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी उन्हात ठेवायची नाही, ही तुमची पहिली ताकीद. तेव्हा माझ्या पुस्तकबांधणीच्या खोलीतलं दाबयंत्र, खळीची भांडी आणि वकिलांकडून बांधायला आलेली दोनशे पुस्तकं माडीवर हलवली आणि गाडी आत घेतली. ती दीड हात बाहेर उरली. (लांबच्या सफरींसाठी बनवलेली गाडी मुळात लांबच असणार, हे आधी सुचायला हवं होतं.) मग मधली फळ्यांची भिंत काढली. आता गाडीचं नाक स्वयंपाकघरात आहे आणि तुमच्या भाचेसुनेला ओट्याशी अंग चोरून उभं राहावं लागतं. ती भांडी जरा जोरात ठेवते. पण मामा, ती आसनं! मी जन्मभर चामडं हाताळत आलो, तरी त्यांची शिवण पाहून मला माझ्याच पुस्तकांची लाज वाटली.

जाहिरात तुम्ही सांगितली तशीच दिली: एकहाती वापरलेली, डोळ्यांत तेल घालून जपलेली, अकरा वर्षांत फक्त चार हजार एकशे बारा किलोमीटर. पहिले आले ते एक निवृत्त न्यायाधीश. चांगले सहा फूट उंच आणि त्या मानाने रुंद. तुमच्या गाडीत माणूस बसत नाही, पडतो. तसे ते पडले, खूश झाले, आणि मग त्यांना उठता येईना. मी हात ओढले, मेहुण्याने पलीकडच्या दाराने शिरून पाठीला रेटा दिला, पण न्यायाधीश जागचे हलले नाहीत. खिडकीतून चहा दिला, वर्तमानपत्र दिलं. पत्नीला विचारून कळवतो म्हणाले आणि तिथूनच फोन लावला. पत्नीने साफ नकार दिला तेव्हाही ते गाडीतच होते, आणि त्यानंतरही तासभर. निघाले ते एक बूट आत ठेवून. (तो दुसऱ्या दिवशी पोचवला.)

नंतर आल्या दातांच्या डॉक्टरीणबाई. गाडी चालवून पाहायची म्हणाल्या. आता तुमची दुसरी ताकीद अशी, की आकडा एका किलोमीटरनेही वाढता कामा नये, त्याचीच तर किंमत आहे. मी डोकं चालवलं. इंजिन बंद ठेवलं, बाईंना स्टिअरिंगवर बसवलं आणि मी, मेहुणा व समोरचा बेकरीवाला अशा तिघांनी गाडी ढकलत चौकातून फिरवून आणली. बाई वळणावर हॉर्न वाजवत होत्या. दाराशी येऊन पाहतो तर चार हजार एकशे तेरा. हा आकडा इंजिनाला नव्हे, चाकांना बांधलेला असतो, हे तुम्ही सांगायला हवं होतं. बेकरीवाला म्हणाला, उलटी ढकलली की उतरेल. मला ते पटलं. सगळी गल्ली दारात उभी असताना आम्ही गाडी त्याच रस्त्याने उलटी नेऊन आणली. चार हजार एकशे चौदा. (कंबर धरली ती इथे.)

बाई शांतपणे उतरल्या आणि म्हणाल्या, “इंजिन आहे ना आत? मग घेतली.” किमतीवरून घासाघीसही केली नाही, तिथेच मला शंका आली. निव्वळ जबाबदारी म्हणून विचारलं, वापरणार कशी? तर म्हणाल्या, रोज दवाखान्यात जायला आणि सुट्टीत लांब लांब. रोज, मामा! तुम्ही जिला पाऊस दाखवला नाही, तिला रोज? कळवतो म्हणून बाईंची बोळवण केली. तर गिऱ्हाइकं येतात, पण पात्र माणूस मिळत नाही, एवढंच.

तुमचा आज्ञाधारक,
भाचा

ता. क. एक विनंती. ‘गाडी तूर्त विकू नकोस’ असं चार ओळींचं पत्र मला पाठवाल का? घरात दाखवायला हवं आहे. दुपारी मी तासभर तिच्यात बसतो. कुठे जात नाही, नुसता बसतो.

ता. क. २. पत्रात अक्षर जरा ठळक असावं.

मामा, हे मी लिहिते आहे, तुमची भाचेसून. पत्र टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून जोडते. हे माडीवर वरच्या ओळी लिहीत बसले होते, तेवढ्यात डॉक्टरीणबाईंना मी बोलावून घेतलं आणि गाडी देऊन टाकली. तिचा आवाज इतका कमी, की यांना अजून पत्ता नाही. बाईंनी मला शेजारी बसवून पार नदीच्या पुलापर्यंत नेऊन आणलं. काय पळते हो ती! अकरा वर्षं तुम्ही तिला बसवून कशी ठेवलीत?

रविवारी बाई पुन्हा नेणार आहेत. मामींना यायचं असेल तर कळवा, मागे एक जागा आहे.