शेजारचे बासष्ट सिनेमे आणि आपली पेटी

तीर्थस्वरूप दिनकरमामा,

श्रीनिवासचा तुम्हाला आणि मामींना साष्टांग नमस्कार (सायकलवरून पडून गुडघा सोललाय, तरी साष्टांगच). मामींचं ब्लडप्रेशर कसं आहे? तुम्ही प्राणायाम करता, की अजून नुसता इतरांनाच सांगता? इकडे डच मुलखात, कापेलमध्ये आम्ही मजेत. राजसला मराठी सगळं समजतं, फक्त "नाही" तेवढं डचमध्ये म्हणतो.

पत्राला कारण शेजारचे आजोबा. वर्षभर मी त्यांना रिटायर्ड पोस्टमास्तर समजत होतो (का ते विचारू नका, चेहराच तसा). परवा त्यांची मुलगी सहज बोलून गेली, की बाबांनी बासष्ट फ्रेंच सिनेमांना संगीत दिलंय. मामा, बासष्ट! आणि या माणसाला मी आदल्याच आठवड्यात ओला कचरा कुठल्या डब्यात टाकायचा यावर लेक्चर दिलं होतं. नाव गास्तों वेरलाक. तरुणपणी ल्योंला नाचाच्या क्लासात पियानो वाजवायचे, तिथून एका दिग्दर्शकानं उचलून नेलं ते चाळीस वर्षं सोडलं नाही.

लगेच चहाला बोलावलं. सुमेधानं पोहे केले. ते सांगत होते, एका युद्धपटासाठी ऐंशी वादकांचं संगीत लिहिलं, रेकॉर्ड केलं, आणि शेवटच्या प्रसंगातून स्वतःच सगळं काढून टाकलं. ठेवली फक्त एक बासरी. दिग्दर्शक महिनाभर बोलला नाही, मग थिएटरात लोक रडताना बघून तोच माफी मागायला आला. पोहे गार झाले, मला भान नाही. आम्ही ऑफिसात कोडची एक ओळ काढायला तीन मीटिंगा घेतो हो.

मग त्यांना आपली पेटी दिसली. एक्क्याऐंशीचा माणूस जमिनीवर बसला आणि एकही पट्टी न दाबता नुसता भाता हलवून ऐकत राहिला. खरं सांगतो, मला भरून आलं. त्या पेटीला इतक्या अदबीनं हात लावताना मी कुणाला पाहिलं नव्हतं, तुम्हाला धरून.

बाकी सर्व क्षेम. लोभ आहेच, पुढचं वाचूनही असू द्यावा.

तुमचा भाचा,
श्रीनिवास

ता. क. त्यांनी पेटीची फार तारीफ केली. अशा वेळी आपण काय म्हणतो? मीही म्हणालो, "घ्या ना, तुमचीच आहे." यावर समोरच्यानं "छे छे" म्हणायचं असतं. फ्रान्समध्ये म्हणत नाहीत. त्यांनी माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि पेटी घेऊन गेले.

ता. क. २. आजोबांची पेटी तुम्ही माझ्याकडे सांभाळायला ठेवली होती, आणि गणपतीत इथे येऊन तीच वाजवणार आहात, हे मी विसरलेलो नाही. चारदा परत मागायला गेलो, चारदा चीज घेऊन परतलो. पाचव्यांदा त्यांनी त्रेसष्टाव्या सिनेमाचा शेवट दाखवला. एक म्हातारी घराला कुलूप लावते, मागे फक्त आपल्या पेटीचा भाता, आणि ती उशिरा उठणारी काळी दोन. मामा, अंगावर काटा आला. त्यांनी विचारलं, ही पट्टी कुणाच्या बोटानं झिजली? मी तुमचं नाव सांगितलं. म्हणाले, "मला ती नीट वाजवता येत नाही. तोच हात हवा."

ता. क. ३. रेकॉर्डिंग गणपतीच्या आधी दोन आठवडे आहे, तिकीट त्या हिशेबानं काढा. तुमचा होकार मी कळवून टाकलाय. आणि हात जोडून विनंती, ते तुमच्या सदऱ्याची तारीफ करतील, तेव्हा नुसतं "थँक्यू" म्हणा.