वेंडेलच्या वॉर्डात

प्रिय वेंडेल,

पाकिटावर तुझ्या विम्याच्या कचेरीचा पत्ता घातलाय, घरचा नाही. घरचं टपाल पॅट्रिस उघडते हे मला ठाऊक आहे. माझं अक्षर बघून तू हे न वाचताच फाडशील, अशीही भीती आहे. पण फोन केला असता तर तू ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणून ठेवून दिला असतास, आणि मला हे नीट सांगायचंय.

मी बरा आहे. शाळेची बस अजून चालवतोच. गुडघा कुरकुरतो. आई गेल्यापासून घर मोठं वाटतं, म्हणून एक खोली बंदच करून टाकली. संध्याकाळी मक्याचा पाव भाजतो आणि घेवड्याच्या शेंगा शिजवतो, नेहमी दोघांना पुरतील एवढ्या होतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच खातो. रविवारी चर्चमध्ये पियानो वाजवतो. वाजवताना लोकांकडे पाठ असते, ते आता बरं पडतं. तुझ्या नि पॅट्रिसच्या लग्नातही मीच वाजवला होता, आठवतं? सगळे म्हणाले, लिओटिसनं आज काय जीव ओतलाय!

हल्ली मी मतदार नोंदणीचं काम करतो, त्यात मला ओढलं ते मिस व्हर्नेलनी. त्यांचा मुलगा टेरेल गेला तेव्हा शवपेटी उचलायला माणसं पुरली नव्हती, तूही तेव्हा गावात नव्हतास. गेल्या हिवाळ्यात त्या माझ्या ओट्यावर येऊन बसल्या नि म्हणाल्या, “टीव्हीशी किती दिवस बोलणार आहेस, पोरा? उठ, बूट घाल. एचआयव्हीच्या गुरुवारच्या दवाखान्यात येणारे निम्मे लोक मतदार यादीतच नाहीत. काउंटीच्या बोर्डवाल्यांना हे पक्कं माहीत आहे. उद्या दवाखाना उचलला तरी कोण त्यांचं काय वाकडं करणार?” मी म्हणालो, मला लोकांशी बोलता येत नाही. त्या म्हणाल्या, “मुलांवर ओरडता येतं ना? तेवढं पुरे.”

मग सुटीच्या दिवशी मी दारोदार जाऊ लागलो. कपडे धुण्याच्या दुकानात, न्हाव्याकडे, चर्चमागे मासे तळून जेवण होतं तिथं. बसमुळे या काउंटीतलं एकही घर मला अनोळखी नाही. ज्यांना शेंबूड पुसत शाळेत सोडलं ती पोरं आता मतदार झालीत. दार उघडलं की मी आधीच सांगायचो, “मी लिओटिस, बसवाला. मला एचआयव्ही आहे, औषध घेतो, धडधाकट आहे. त्या दवाखान्यामुळे आहे.” काहींनी आत बोलावलं. काहींनी जाळीच्या दारामागूनच सांगितलं, “कागद पायरीवर ठेव, बाबा, मी घेतो नंतर.” एका बाईनं माझं पेन वापरण्याआधी हातातल्या फडक्यानं पुसलं, सही केली, परत पुसलं आणि वर मला ‘देव तुझं भलं करो’ म्हणाली. मला हसूच आलं. घरी येऊन मात्र बराच वेळ दिवा न लावता बसून राहिलो. एका आईनं मुलाला बसमधून काढून स्वतः सोडायला सुरुवात केली. तो पोरगा अजून गाडीच्या काचेतून मला हात करतो.

तुझ्या आईकडेही गेलो होतो. मिस क्लॉडेटनी काही विचारलं नाही, थेट गोड चहाचा ग्लास हातात दिला, बर्फ घालून. म्हणाल्या, “वाळलास रे. कुणी करून घालणारं नाही ना?” मग दवाखान्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “काळजी करू नकोस. माझा वेंडेल आहे बोर्डावर. तो मनानं मऊ आहे, लहानपणी मेलेल्या चिमणीसाठी जेवला नव्हता.” मी मान डोलावली. तू मऊ आहेस हे त्यांनी मला सांगावं!

दवाखाना बंद करण्यावर मतं घेतली त्या बोर्डाच्या सभेत मी शेवटच्या रांगेत होतो. दालन भरलं होतं, लोक भिंतीला टेकून उभे होते. तुझी आई पहिल्या रांगेत, दवाखाना वाचवणाऱ्यांचा आमचा पिवळा बिल्ला लावून. तू तो बघितलास, मी बघितलं तू बघितलेलं. दोन हात दवाखान्याच्या बाजूनं, दोन विरुद्ध, आणि मग तुझी पाळी. तू कागदावरून वाचलंस, “नागरिकांच्या भावनांचा मला आदर आहे, परंतु इमारतीची जागा काउंटीला अन्य कामासाठी आवश्यक आहे.” ही भाषा तुझी नव्हेच, वेंडेल. तुझा आवाज एकदाच अडकला, ‘भावना’ या शब्दावर. सभा संपताच मिस क्लॉडेट निघून गेल्या. वाहनतळावर त्यांना गाडीची किल्ली सापडत नव्हती, ती त्यांच्या हातातच होती.

तुला मेकन शहरातल्या एचआयव्ही दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात पाहिलं, त्याला बरेच दिवस झाले. मी एका म्हातारीला गाडीनं घेऊन गेलो होतो. तू कोपऱ्यात, टोपी नाकापर्यंत ओढून, समोर बागकामाचं मासिक. तुला बागेत तण आणि रोप यातला फरक कळत नाही. आपली नजर मिळाली आणि मीही एक मासिक उचललं. नर्सनं तुला पहिल्या नावानं हाक मारली, तू उठलास, आणि मला एवढंच वाटलं की बरं झालं, हा औषध घेतोय. पेपर मिलमध्ये आपण एका पाळीला होतो, त्या उन्हाळ्यात तुला नुसती सर्दी झाली तरी तू मरणार म्हणून बसायचास.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. पण परवा आमच्या बैठकीत विषय निघाला. बोर्डाच्या निवडणुकीत तुझ्याविरुद्ध प्रूइटबाई उभ्या आहेत, त्या प्रामाणिक आहेत, पण तुझ्यापुढे त्यांचं नाव कोणाला माहीत? कुणीतरी म्हणालं, वेंडेलची गाडी मेकनला दवाखान्याबाहेर दिसते असं ऐकलंय. सगळे माझ्याकडे वळले. मिस व्हर्नेलनी सरळ विचारलं, “तुम्ही दोघं एकेकाळी फार जवळचे. खरं आहे का ते?” मी म्हणालो, “मला काही ठाऊक नाही. आणि ठाऊक असतं तरी सांगितलं नसतं. दारोदार जाऊन आपण काय सांगतो? या आजारात लाजण्यासारखं काही नाही. मग तेच एखाद्याच्या तोंडावर चिखलासारखं फेकायचं? तसं करणार असाल तर माझा बिल्ला हा घ्या.” मी बिल्ला काढून टेबलावर ठेवला. मग मिस व्हर्नेल म्हणाल्या, “बिल्ला लाव परत. माझ्या टेरेललाही लोकांनी असंच केलं होतं. मी विसरले होते.” आणि त्या रडल्या. त्यांना रडताना मी प्रथमच पाहिलं.

तर म्हणून हे पत्र. शनिवारपासून मी तुझ्या वॉर्डात फिरणार आहे, तुला पाडायला. प्रत्येक दारात सांगीन की तू दवाखान्याविरुद्ध हात वर केलास. तुझ्या आईचं दार तेवढं सोडीन. लेकाविरुद्ध मत मागण्याइतका निबर मी झालेलो नाही. पण सभेनंतर तू ज्या भीतीनं माझ्याकडे बघितलंस ना, ती मनातून काढ. ते माझ्या तोंडून कधी जाणार नाही, पॅट्रिसला नाही, मिस क्लॉडेटना नाही, मतासाठी तर मुळीच नाही. आता इथला दवाखाना बंद, म्हणून चर्चची व्हॅन दर मंगळवारी मेकनला जाणार आहे. मीच चालवणार. मागच्या सीटवर कोण बसलंय हे पुढच्यानं विचारायचं नाही, असं आम्ही ठरवलंय. तुझी गाडी तिथं दिसायला नको असेल, तर चर्चच्या मागच्या फाटकापाशी उभा राहा, मी थांबवीन. तू निवडून आलास तरी, पडलास तरी. औषध चुकवू नकोस.

मतपेटीपुरतं सोडून, तुझाच,
लिओटिस