तांदळात न उमटलेलं नाव

मेहकर
२४ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप लेआ आत्या,

शिरसाष्टांग नमस्कार. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्रच लिहिते. ठाण्याला थंडी ती कसली, तरी पहाटे कान बांधत जा. इकडे सोयाबीन निघालं. यांची गुडघेदुखी आहे तशीच. राखी कॉलेजात जाते आणि घरी येऊन मला अक्कल शिकवते.

परवाच लोणारहून आले. तुम्ही नर्स होतात तो दवाखाना आता रंगवलाय. दारात उभी राहिले आणि बाबा नेहमी सांगायचे ते माझं बारसं आठवलं. बाबांना बहीण नव्हती. बाळंतपण तुम्ही केलंत, तर आत्याही तुम्हीच व्हा, म्हणून त्यांनी गळ घातली. तुम्ही माझ्या कानात कुर्र करून तुमच्या वारलेल्या धाकट्या बहिणीचं नाव ठेवलंत. राहेल. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आम्हा बेने इस्राएल, म्हणजे ज्यू लोकांत हे जुनं हिब्रू नाव, अर्थ मेंढी, असं तुम्ही भीतभीतच सांगितलंत. बाबा धनगर माणूस. म्हणाले, "मेंढीवरच तं आमचं घर चालते बाई. याच्याहून चांगलं नाव कोन्तं?"

लग्नात यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने 'पुष्पांजली' लिहिलं. नाव गोड आहे, तक्रार नाही. पण सासूबाईंनी मेंढीचं नाव उंबऱ्याबाहेरच ठेवायला सांगितलं, आणि ते तिथेच राहिलं. त्या नावाने हाक मारायला बाबांच्या मागे आई आणि तुम्ही, दोघीच उरलात; त्यात आईही सासरच्या कुणासमोर, राखीसमोरसुद्धा, मला 'बाई'च म्हणायची.

लोणारला का गेले होते ते लिहायचं मघापासून टाळतेय. आत्या, आई गेली. दिवाळी झाली आणि गेली. तेरवी उरकून आले.

शेवटी ती सारखी माझं नाव घ्यायची. मी उशाशी बसलेली असायचे तरी. राखीने विचारलं, "आई, आजी कोनाले बोलावून राह्यली? राहेल कोन हाय?"

"मीच," म्हटलं.

पोटच्या पोरीला आईचं नाव माहीत नाही, हे मला फार लागलं.

आता तुमच्याशिवाय मला त्या नावाने बोलावणारं कोणी नाही. तुमच्या पुतण्याला सांगून एकदा फोन लावून घ्या. बाकी काही बोलू नका, नुसती हाक मारा. मी इकडून ओ देईन. तुम्हाला ऐकू आली नाही, तरी दिली असं समजा.

तुमची,
राहेल