उसनी बाकं

१२ सप्टेंबर २००२

पत्र आलं! शिक्का आहे, सही आहे, जावक क्रमांक आहे. म्हणजे खरंच आलं. आमदारांची समिती २५ तारखेला आमच्या शाळेत येणार.

आमची शाळा म्हणजे डिंभ्याच्या धरणाच्या वर, होडीने पाऊण तास, पत्र्याच्या तीन खोल्या. आठवी, नववी, दहावी. मुलं एकेचाळीस. बाकं शून्य, वीज शून्य, अनुदान शून्य. शिक्षक दोन — हेडमास्तर कुंडलिक सर आणि मी. पगार? सहा वर्षांपूर्वी संस्थेचे अध्यक्ष बाळासाहेब म्हणाले होते, "अनुदान आलं की एकदमच घ्या, बाई." मी अजून एकदमच घेण्याची वाट बघतेय. बोरीला घरी गेले की सूरज, माझा सख्खा धाकटा भाऊ, दारातच सलाम ठोकतो — "या, बिनपगारी फुल अधिकारी!"

१३ सप्टेंबर

आज पत्र नीट वाचलं. शाळांच्या अनुदानाचं नवं विधेयक येतंय, त्यासाठी पाहणी. आजवरचा नियम असा की आधी इमारत, बाकं, प्रयोगशाळा दाखवा, वर भरपूर पट दाखवा, मग पैसे. म्हणजे आधी पोहायला शिका, मग पाण्यात सोडू. नव्या मसुद्यात डोंगराळ भागासाठी एक वेगळं कलम आहे. डोंगरातल्या शाळेत मुलं कमी असली, सोयी कमी असल्या तरी अनुदान, उलट जास्तच. आणि ज्या वाडीत शाळाच नाही तिथल्या मुलींना खालच्या शाळेत वसतिगृह.

तीनदा वाचलं. कुणीतरी मुंबईत बसून शहाण्यासारखं लिहिलंय! संशय आला.

१५ सप्टेंबर

संस्थेची बैठक. बाळासाहेबांनी पत्राची पहिली ओळ वाचली — "समिती येणार" — आणि पत्र खिशात. लगेच यादी सुरू. खालच्या गावातल्या अनुदानित शाळेकडून बाकं आणायची, सूक्ष्मदर्शक आणायचा, पुस्तकांचं कपाट आणायचं. दर तपासणीला आम्ही हेच करतो. इथल्या सगळ्याच शाळा करतात. खालची शाळा सुरू झाली तेव्हा तिनेही कुणाचं तरी आणलं होतं म्हणे.

मी म्हटलं, "अहो, हे लोक काय कमी आहे ते बघायला येतायत."

कुंडलिक सर हसले. "बाई, कमी दाखवून कुणाला कधी काय मिळालंय? मुलगी बघायला पाव्हणे येतात तेव्हा शेजारणीचा हार घालतोच ना आपण?"

सगळे हसले. मीही हसले. मग बाळासाहेब म्हणाले, "यादी बाईंनाच लिहू द्या, अक्षर मोत्यासारखं आहे." आणि मी लिहिली! 'शाळेतील उपलब्ध साहित्य.' मथळ्याखाली दोन रेघा मारल्या, लाल शाईने. आपल्याला कुणी अक्षर चांगलं म्हटलं की आपली अक्कल गहाण पडते, हे आज परत सिद्ध झालं.

२२ सप्टेंबर

बहिरूने होडीच्या सहा खेपा केल्या. बहिरू म्हणजे नववीतल्या आरतीचा बाप, धरणात मासे धरतो. बाकं आली, कपाट आलं. शेवटच्या खेपेला सांगाडा. प्लॅस्टिकचा, माणसाएवढा, खालच्या शाळेच्या प्रयोगशाळेतला. झोपवला तर मोडेल म्हणून बहिरूने त्याला होडीत समोर बसवला आणि ऊन लागू नये म्हणून की काय, डोक्यावर आपला टॉवेल टाकला. काठावर भांडी घासणाऱ्या बायका भांडी टाकून पळाल्या. "भ्याऊ नगा गं, सायब हाय!" हा ओरडतोय.

खरं सांगायचं तर सहा वर्षांत इतकी हसले नव्हते.

२४ सप्टेंबर

पंखासुद्धा टांगला! वीज नाही, पण आढ्याला पंखा आहे. गणपतीच्या झालरी उरल्या होत्या त्या दाराला लावल्या.

मुलं बाकांवर बसली. आधी कुणी बसेचना, सगळी भिंतीला टेकून उभी. मग बसली तर उठेनात. मधल्या सुट्टीतही बसून.

दुपारी तालीम घेतली. प्रयोगशाळा आहे का? "हो साहेब." ग्रंथालय आहे का? "हो साहेब." आरतीने हात वर केला. ही हात वर करते तेव्हा मी खडू शोधायला लागते.

"बाई, परवा बाकं माघारी जायाची ना? मंग आपली हायेत म्हणून कसं सांगायचं?"

मी म्हटलं, जास्त बोलू नको. बाईंचं हे ठरलेलं उत्तर आहे, कुठेही चालतं.

संध्याकाळी बघते तर तिसऱ्या बाकावर कर्कटकाने कोरलंय — आरती बहिरू, इयत्ता नववी. शाळेचं नावसुद्धा! माझा जीव वर गेला. समितीने पाहिलं तर ठीक, पण खालच्या शाळेने पाहिलं तर परत काही देणार नाहीत. कान धरला तिचा. "उसनं आहे ते! काच घे आणि घासून टाक." मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं. कान जरा जास्तच जोरात धरला मी.

२५ सप्टेंबर

आले. पाच आमदार, अकरा अधिकारी, आणि बहिरूची होडी. समितीच्या अध्यक्षसाहेबांचे बूट ओले झाले तेव्हा बाळासाहेबांनी स्वतःच्या उपरण्याने पुसले. शाल-श्रीफळ झालं. सांगाड्याशेजारी फोटो झाला. जोराचा वारा आला आणि पंखा आपोआप दोन फेरे फिरला. साहेब खूश! वायर कुठे जाते हे बघायला सोळा जणांतल्या एकाचीही मान वर गेली नाही.

मग माशाचं कालवण आणि तांदळाची भाकरी. त्यानंतर कुणाला काही तपासायचं उरलं नाही.

निघताना साहेबांनी नेमकं आरतीलाच विचारलं. "काय बाळ, शाळेत काही कमी आहे का? मोकळेपणाने सांग."

आरतीने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"न्हाई सायब."

२६ सप्टेंबर

बाकं गेली. मुलं परत खाली. भात मात्र यंदा चांगलं आहे.

१८ डिसेंबर

बाळासाहेब वर्तमानपत्र घेऊन होडीतून उतरले ते हार घेऊनच. नागपूरच्या अधिवेशनात आमच्या शाळेचं नाव निघालं! कात्रण लॅमिनेट करून आणलेलं. कुंडलिक सरांना हार, मला गुलाब. मुलांना पेढे.

मी कात्रण वाचलं. बहुतेक या तालुक्यात पूर्ण वाचलेलं मी एकटीच.

समितीच्या अध्यक्षांनी सांगितलं — डिंभ्याच्या वर, जिथे रस्ता नाही, तिथे एका विनाअनुदानित शाळेत आम्ही बाकं पाहिली, ग्रंथालय पाहिलं, प्रयोगशाळेत सांगाडासुद्धा पाहिला! लोकांनी मनावर घेतलं तर सरकारी पैशावाचून हे होऊ शकतं. सबब, डोंगराळ भागासाठी वेगळ्या कलमाची गरज नाही.

ते कलम मसुद्यातून काढलं. नुसतं आमच्यापुरतं नाही, सगळ्या डोंगरांचं. इथपासून पार कुठल्या कुठल्या वाड्यांवर माझ्यासारख्या बाया शेणाने सारवलेल्या जमिनीवर मुलं बसवून वाट बघत असतील. त्यांना माझ्या मोत्यासारख्या अक्षरानं बुडवलं.

पेढा तोंडात होता. थुंकता येईना, गिळता येईना.

५ जानेवारी २००३

मसुद्यावर हरकती ३१ तारखेपर्यंत पाठवता येतात. रजिस्टर पत्राने, सही आणि पत्त्यासह. निनावी चालत नाही. चालतं तर किती बरं झालं असतं.

कुंडलिक सरांना म्हटलं. त्यांनी छपराकडे पाहिलं. "बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची."

मूठ झाकलेली आहे खरी. आत काय आहे ते कुणी विचारू नये.

११ जानेवारी

लिहिलं. फाडलं.

१२ जानेवारी

परत लिहिलं. फार छान झालं, अगदी निबंध! म्हणून फाडलं.

१९ जानेवारी

बाळासाहेबांना वास लागलाच. व्हरांड्यात गाठलं. "बाई, तुमी आमच्या लेकीसारख्या. पण पत्र-बित्र धाडलं तर शाळा जाईल. एकेचाळीस पोरांचं पाप तुमच्या डोक्यावर. बगा बुवा." लेकीसारखी म्हणाले की धमकी येणार हे मला आता पाठ आहे.

पण खोटं बोलले नाहीत ते. शाळा जाईलच. नाही पाठवलं तरी अनुदानावाचून आम्ही असे किती दिवस तग धरणार? तरी. आपल्या हाताने घालवणं वेगळं. दिवसभर मुलांच्या माना मोजत बसले. एकेचाळीस. दोनदा मोजल्या.

२९ जानेवारी

पाठवलं. चार ओळी. बाकं उसनी होती. सांगाडा उसना होता. पंख्याला वीज नाही. ती यादी माझ्या अक्षरात आहे आणि ती खोटी आहे. खाली नाव, गाव, सही.

पोस्टातल्या माणसाने पाकिटावरचं अक्षर बघून विचारलं, "बाई, शिक्षिका का?" म्हटलं, अजून आहे.

२० मार्च

चौकशी अधिकारी आले. या वेळी माशाचं कालवण नव्हतं, त्यामुळे डोळे उघडे होते. यादी पुढे ठेवली. "हे अक्षर कुणाचं?" माझं. "कुणाच्या सांगण्यावरून?" बाळासाहेब अचानक आजारी पडून पुण्याला गेलेले. कुंडलिक सरांना काही आठवेना. सप्टेंबर महिना झाला होता हेसुद्धा त्यांना पटवून द्यावं लागलं.

माझंच अक्षर, असं परत म्हटलं.

१७ एप्रिल

सरकार कधीकधी काटकसर करतं. दोन्ही बातम्या एकाच पाकिटात.

एक — आपल्या पत्राची नोंद घेऊन डोंगराळ भागाचं कलम मसुद्यात पुन्हा घेण्यात येत आहे.

दोन — समितीला खोटी माहिती दिल्याबद्दल आपल्या शाळेची मान्यता जूनपासून रद्द करण्यात येत आहे.

म्हणजे सगळ्या डोंगराला अनुदान. आमची शाळा सोडून! हसावं म्हणून तोंड उघडलं आणि भोकाड पसरलं. खोलीत एकटी होते, म्हणून बरं.

११ मे

निरोप घ्यायला बहिरूच्या घरी गेले. चहा दिला, पण बसला नाही. दाराशी उभा राहून बोलला.

"सा खेपा केल्या म्या, बाई. फुकाट. त्यो हाडाचा सायब सुदीक मांडीला मांडी लावून आनला. मंग तुमाला खरं बोलायाची अवदसा कुठनं आठवली? सगळ्यांचं साधलं, आमचंच गेलं. आरतीला दहावीला न्यायची म्हनत व्हता ना तुमी? आता भात लावंल ती."

कलमाचा आकडा सांगू त्याला?

आरती चुलीपुढे होती. वळून पाहिलं नाही तिने. जाताना म्हटलं, "आरती, येते गं." पाठमोरीच म्हणाली, "जी बाई."

६ जुलै

आळेफाट्याला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात लागले. पावत्या लिहायच्या. कांदा, टोमॅटो, नाशिक, नगर. मालक खूश — "लई भारी अक्षर हाय, राव!" सहा वर्षांनी पहिला पगार मिळणार. सूरजने सलाम ठोकणं बंद केलं. का कोण जाणे, त्याचंच जास्त लागलं.

२४ जुलै

विधेयक मंजूर. एकमताने! अध्यक्षसाहेबांचं अभिनंदन झालं म्हणे — डोंगरावर स्वतः होडीतून जाऊन पाहणी केल्याबद्दल. गंगेत घोडं न्हालं.

पावत्या एकशे बारा लिहिल्या.

३० ऑगस्ट

बोरीच्या पत्त्यावर पोस्टकार्ड. कोपऱ्यापर्यंत भरलेलं, समास न सोडता. किती वेळा सांगितलं होतं समास सोडा म्हणून!

"ती. बाईंना शि. सा. न. आमच्या वाडीत आता शाळा नाही म्हणून नव्या कायद्यात आमचा नंबर लागला. आम्ही सात मुली खालच्या शाळेच्या वसतिगृहात आलो. आबा स्वतः होडीने सोडून गेले. मी दहावीला आहे. बाई, बाक सापडलं. तिसरं होतं ते इथं पाचवं आहे. तुम्ही घासून टाक म्हणाला होता. मी घासलं नव्हतं."