शिशाचं अस्तर

४ मार्च
पोचलो एकदाचे! ह्यांची बदली झाली आणि घर मिळेपर्यंत थोरल्या दिरांकडे राहायचं ठरलं. मला पाचवा महिना, त्यात शिवणयंत्र सांभाळत बसचा प्रवास. पण जाऊबाईंनी दारातच मिठी मारली आणि शीण पळाला. दीर वेल्डर आहेत. सगळे त्यांना दादा म्हणतात, तर मीही दादाच म्हणणार. चहा होईस्तोवरही त्यांना धीर निघेना, आम्हाला थेट तळघरात नेलं. तिथे ते अणुबॉम्बच्या किरणांपासून लपायची खोली बांधताहेत. बातम्या ऐकून बाकीचे नुसते घाबरतात, हा गडी कामालाच लागला.

९ मार्च
दादांचं एकच पालुपद, निम्म्याचं निम्मं. बोटभर जाडीचं शिसं लावलं की किरण निम्मे होतात, आणखी बोटभर लावलं की त्याच्याही निम्मे. मी विचारलं, शून्य कधी होणार? तर म्हणाले, कधीच नाही, पण जगायला पुरेल इतकं कमी होतं. मोडीत निघालेल्या एका इस्पितळातले, एक्स-रेच्या खोलीचे शिशाचे पत्रे त्यांनी भंगारवाल्याकडून आणलेत. मी वाळूच्या पिशव्या शिवते. पिशव्या बाहेरच्या अंगाला, शिसं आतल्या. म्हटलं, म्हणजे कोटाला अस्तर! दादांना शब्द इतका आवडला की आता घरात सगळ्यांच्या तोंडी अस्तरच. ह्यांच्या मते दादांना खूळ लागलंय. पण रविवारी हेच बाह्या सरसावून सिमेंट कालवत होते.

१४ मार्च
शिसं संपलं आणि एक कोपरा उघडाच राहिला. दादा पुन्हा भंगारवाल्याकडे गेले. त्याच इस्पितळातला शिशाचा बंद डबा आणला, घागरीएवढा, पण दोघांना उचलता उचलेना. वरची अक्षरं घासून गेलेली. कापला तर आत बोटाएवढी पोलादी नळी रुतून बसलेली. निघेचना. दादा म्हणाले, राहू दे, तेवढीच भर. शिसं वितळवून नळीसकट त्या कोपऱ्यात ओतलं. आता सगळ्यात जाड अस्तर तिथलं, म्हणून माझी खाट तिथे, भिंतीला लावून. बाळासाठी. मला भरून आलं. सख्खा भाऊही एवढं करणार नाही.

१६ मार्च
दादांचा उजवा हात लालबुंद झालाय, फोड आलेत. वेल्डिंगचा चटका, म्हणे. जाऊबाई म्हणाल्या, वीस वर्षांत असा चटका पाहिला नाही. किरण मोजायचं यंत्र पार्सलने आलं. खोक्यासकट खाली ठेवून दिलंय.

१७ मार्च
दुपारी भोंगा वाजला. रेडिओवर सांगत होते, घरातच राहा, दारं-खिडक्या लावा, पुढच्या सूचना ऐकत राहा. दहा मिनिटांत आम्ही तळघरात. शिशाचं दार दोन्ही भावांनी रेटलं तेव्हा कुठे सरकलं. आत रेडिओ लागेना. एवढ्या शिशातून कसा लागणार? मग यंत्र सुरू केलं. टिकटिक थांबेचना. दादा म्हणाले, अस्तरातून येऊन एवढं, तर बाहेर किती असेल बघा! जाऊबाई रडायला लागल्या. मी दादांपुढे हात जोडले. ही खोली नसती तर आमचं बाळ आजच गेलं असतं.

१८ मार्च
वर कुणीतरी घराचं दार बडवत होतं. हवेच्या पाइपातून आवाज आला. शेजारीण जाऊबाईंना हाका मारत होती. आत घ्या म्हणत असणार. दादा म्हणाले, उघडलं की आपण सगळे गेलो, बाळसुद्धा. आम्ही गप्प बसून राहिलो. ती बराच वेळ हाका मारत होती. मग थांबली. आम्ही माणसं नाही राहिलो.
माझ्या उलट्या चौथ्या महिन्यातच थांबल्या होत्या. आज परत सुरू. पण ह्यांनाही होताहेत.

१९ मार्च
आकडा उतरत नाही. दादांनी उरलेल्या शिशाचे तुकडे आतून दाराला रचले, सिमेंटने लिंपले. एका हाताने. दुसरा बघवत नाही.
माझी पाठ भाजल्यासारखी झालीय. भिंतीकडची बाजू.

२० मार्च
पाइपातून सायकलची घंटा ऐकू आली. मग बायकांचं हसणं. दादा म्हणाले, भास. चौघांना एकच भास?

२१ मार्च
दादा शुद्धीवर नाहीत. मी यंत्र घेऊन हिंडले. दाराशी कमी. पाइपाखाली आणखी कमी. खाटेपाशी आकडे संपले. पुन्हा दाराशी गेले. पुन्हा खाटेपाशी.
मी शिवणारी बाई, मला कळायला हवं होतं. अस्तर अंगालाच लागतं.
ती नळी. तिला कोंडायलाच तो डबा होता. आम्ही फोडला.
आणि शेजारीण — ती आत यायला नव्हतीच आली. वर या, धोका टळला, हेच सांगत असणार.

२२ मार्च
पाइपाला तोंड लावून ओरडले. घसा बसला, कुणी आलं नाही. घर बंद, हाकेला ओ नाही, गेले असतील कुठे गावाला, असंच शेजारी समजले असणार.
ह्यांनी आणि मी दार रेटलं. तसूभरही नाही. हे दोनदा पडले.
जाऊबाई दादांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्यात. त्यांना सांगितलं नाही. कसं सांगू, की दादांनीच, आपल्या हाताने, मायेने —

२३ मार्च
छिन्नी सापडली. सिमेंट खरवडतेय. नखाएवढं निघतं. मग उलटी.
हे झोपलेत. हलवलं तरी —
दाराशी बसलेय, पाठ त्या कोपऱ्याकडे करून. आधी मला लागू दे. बाळापर्यंत जेवढं कमी जाईल —

२४
सकाळपासून पोटात हालचाल नाही. झोपलं असेल. बाळं झोपतात.
दोन्ही हात ठेवून बसलेय. छिन्नी घ्यायला हात उचलवत नाही, तेवढ्यात हललं तर कळायचं नाही.
जाऊबाई विचारताहेत, हललं का? हो म्हणाले.
आत्ता — नाही, माझाच हात कापतोय. थांब, पुन्हा