मावशीच्या भिंतीतलं भोक

प्रिय व्हर्नाताई,

तानिसी? कशी आहेस? तुझ्या गुडघ्यांना आणि विनिपेगच्या त्या तीन जिन्यांना माझा नमस्कार. इकडे सगळे सुखरूप; फक्त माझी अब्रू जरा आजारी आहे.

सेलेस्टिन मावशीचं नवं घर आम्ही बांधलं हे तुला कळलंच असेल (मी सगळ्यांना कळवलंय). हातभर जाड भिंती, तीन-तीन काचांच्या खिडक्या, फटीफटीला पट्टी. "यात डाससुद्धा शिरणार नाही," असं मी वस्तीच्या सभेत छाती फुगवून सांगितलं होतं. मग तपासणीच्या बाई आल्या. त्यांनी दारात भलामोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर खेचली. कुठे फट असली की तिथून वारा आत येतो. निम्मी वस्ती मूस हरणाचं सुकं मांस चघळत तमाशा बघायला हजर. घर नापास! बाई धुराची नळी घेऊन भिंतीभिंतीनं फिरल्या आणि टीव्हीमागे धूर एकदम उधळला. हॉकीचे सामने नीट दिसावेत म्हणून मी तिथून अँटेनाची वायर घेतली होती, कुणाला न विचारता. वायर करंगळीएवढी, भोक मुठीएवढं. (गिरमिट बोथट होतं.)

"बरोबर आहे अँब्रोजचं," मावशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "एवढ्या भोकातून कोल्हा आत येऊन बसलेला असताना डासाची काय हिंमत!"

दोन दिवस पोटावर सरपटत मी ते बुजवलं आणि घर पास झालं. आता बाहेर उणे चाळीस आहे, पण मावशीचा जळणाच्या लाकडांचा ढीग सरत नाही. आणि तिच्या नातीचा, टेसाचा, जुन्या ओलसर घरात जडलेला खोकला थांबलाय. मावशी परवा तिच्या पाठीला कान लावून कितीतरी वेळ बसली, मग डोळे पुसून उगाचच माझ्यावर ओरडली, "बूट काढ की आधी!"

मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ,
अँब्रोज

ता. क. : दुसरं घर तुला द्यायचं ठरलंय. सभेत मी तुझी बाजू अशी मांडली, की कुणाला बोलायला जागाच उरली नाही. सोबतच्या अर्जावर सही कर. गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फाचा रस्ता मार्चपर्यंतच टिकतो, सामान त्याआधी आण.

ता. क. २ : वरचं खोटं आहे. सख्खा भाऊ म्हणून मला सभेबाहेर काढलं होतं. मावशी बोलली. "ती पोरांच्या छातीसाठी गाव सोडून गेली, हौसेनं नाही," एवढंच म्हणाली म्हणे, आणि खाली बसली. सही कर, ताई.